परत आलेला शाहीर

मनुष्याच्या हातून चूक घडते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु चूक घडल्यानंतर त्या मनुष्याचे पुढे काय व्हावे, याविषयी आपण क्वचितच विचार करितो. परीक्षेत नापास झालेला मुलगा, व्यसनात सापडलेला बाप, भांडून घर सोडून गेलेला भाऊ, यांच्यावर एकदा शिक्का बसला म्हणजे तो पुसण्याचे काम कोणाचे? त्यांचे एकट्याचे, की आपलेही? प्रस्तुत लेखात एका गायक कवीच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा कवी म्हणजे सोलापूरचा शाहीर रामजोशी. त्याचे चरित्र आपल्याच मुलखातील एका लेखकाने १९४७ साली चित्रपटाच्या पडद्यावर आणले, म्हणून आरंभ त्या चित्रपटापासून करू.

१. चित्रपट आणि त्याचा लेखक

'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट राजकमल कलामंदिर या संस्थेने काढला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम हे त्याचे दिग्दर्शक आणि वसंत देसाई हे संगीतकार. रामजोशीची भूमिका जयराम शिलेदार यांनी व बयेची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. चित्रपट अतिशय गाजला, आणि त्याच्या यशानंतर मराठीत तमाशाप्रधान चित्रपटांची एक परंपराच सुरू झाली.

याचे लेखन व गीतरचना ग. दि. माडगूळकर यांची. त्यांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथे झाला. त्यांचे गाव माडगूळ. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात असली, तरी त्या काळी हा मुलूख औंध संस्थानात मोडत असे. माडगूळकरांचे शिक्षण औंधास झाले, व ते औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. सांगली जिल्हाही १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावानेच अस्तित्वात आला, व १९६० साली त्यास आजचे नाव मिळाले. तेव्हा सातारकर व सांगलीकर या दोघांनीही माडगूळकरांना आपले म्हणावे, हे योग्यच आहे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पुढे 'गीतरामायण' लिहून घरोघरी पोचलेला हा कवी मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकला नव्हता. घरची गरिबी होती आणि हाती प्रमाणपत्र नव्हते, अशा स्थितीत तो कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत गेला. तेथे त्याने लहानसहान भूमिका केल्या व सांगलीत जन्मलेले थोर कादंबरीकार वि. स. खांडेकर यांचा लेखनिक म्हणून काम केले. दुसऱ्याचे शब्द उतरून घेता घेता त्याची स्वतःची लेखणी तयार झाली. तिशी गाठण्यापूर्वीच त्याने 'रामजोशी' लिहिला. ज्याला स्वतःला आयुष्याने दुसऱ्यांदा दार उघडून दिले होते, त्यानेच ही कथा लिहावी, हे मोठे समर्पक झाले.

२. दोन फडांचा गायक

रामजोशीचा काळ उत्तर पेशवाईचा. सोलापुरातील वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराण्यात तो जन्मला. त्याचे वडील बंधू मुद्गल जोशी हे विद्वान पुराणिक म्हणून प्रसिद्ध होते. धाकट्या रामाला मात्र लहानपणापासून डफ-तुणतुण्याची ओढ. धोंडी शाहिराच्या फडात तो जाऊन बसे व त्याला लावण्या रचून देई. घराण्याच्या प्रतिष्ठेस हे साहण्यासारखे नव्हते. मुद्गलांनी त्यास घराबाहेर काढिले.

घरातून निघालेला राम पंढरपुरास गेला व तेथे त्याने संस्कृताचे व काव्यशास्त्राचे अध्ययन केले. विद्या संपादून तो परतला खरा, पण मन पुन्हा तमाशाकडेच वळले. त्याने स्वतःचा फड उभा केला. त्या फडातील बया व चिमा या स्त्रियांची नावे त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहेत. पैसा आला, कीर्ती आली, आणि त्याच वाटेने विलासही आला. मिळविलेले हातात राहिना. ज्याच्या कवनांवर लोक रात्र रात्र डोलत, त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र विस्कटत चालले.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो दूर केला पाहिजे. तमाशा ही कला हीन, म्हणून रामजोशी बिघडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या सातारा-सांगलीकडच्या अनेक कष्टाळू कुटुंबांनी ही कला पिढ्यान् पिढ्या जिवापाड जपली आहे. दोष कलेचा नव्हता. दोष होता तो आपल्या गुणाचा मालक न होता त्याच्या बक्षिसांचा दास होण्याचा. हा दोष विद्वानास, व्यापाऱ्यास व धर्मोपदेशकासही जडू शकतो.

३. मोरोपंतांनी काय केले?

बारामतीचे मोरोपंत हे त्या काळचे सर्वमान्य पंडितकवी. आर्या हे वृत्त म्हणजे मोरोपंतच, असे समीकरण झालेले. परंपरा असे सांगते की, मोरोपंतांच्या कानी रामजोशीची कवने गेली, व त्यांनी त्यास 'कविप्रवर' म्हणजे श्रेष्ठ कवी म्हणून गौरविले. हा गुण ईश्वराच्या कीर्तनी लावावा, असा उपदेशही त्यांनी केला, आणि रामजोशीने तो मानला.

या प्रसंगातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गौरव, मग उपदेश. मुद्गल जोशींचा उपदेश खोटा नव्हता. परंतु त्यात भावाच्या गुणाची ओळख नव्हती. मोरोपंतांना ती ओळख पटली, कारण दोघेही एकाच कारागिरीचे जाणकार होते. मोरोपंतांच्या आर्येत यमकाची व अनुप्रासाची जी हौस दिसते, तीच रामजोशीच्या लावणीत दिसते. एकाचा श्रोता देवळात बसलेला, दुसऱ्याचा जत्रेच्या माळावर. पण शब्द घडविणारा हात सारखाच कसबी. पंतांनी माळावरचा कवी ऐकला आणि त्यात आपला सहोदर ओळखला.

दुसरी गोष्ट अशी की, रामजोशीला आपली विद्या टाकून द्यावी लागली नाही. कीर्तनात पूर्वरंगी निरूपण असते व उत्तररंगी आख्यान. आख्यान रंगण्यास कथेची चढण, चालीतला बदल, ऐनवेळी सुचणारा शब्द, कंटाळलेल्या श्रोत्याला जागे करण्याची हातोटी, हे सर्व लागते. हे सर्व रामजोशी फडावरच शिकला होता. तीच सामग्री त्याने नव्या कामास लाविली. मोरोपंतांच्या संस्कृतप्रचुर आर्या सामान्य लोकांच्या तोंडी बसल्या, त्यात रामजोशीच्या कीर्तनांचा वाटा मोठा आहे. ज्याने हात दिला, त्याचेच काव्य या हाताने घरोघर पोचविले. असे ऋण क्वचितच कोणी फेडिले असेल.

हेच मोरोपंत आपल्या 'केकावली'त मोराने आर्त स्वराने मेघाला हाक मारावी तशी ईश्वराच्या करुणेची याचना करितात. ज्याला स्वतःला क्षमेची गरज वाटते, तोच दुसऱ्याला क्षमेने वागवू शकतो.

४. वडील भाऊ

शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपण शाळेत अनेकवार ऐकिला आहे. त्यात बहुधा आपले लक्ष धाकट्याकडे असते. तो दूर देशी जातो, धन उडवितो, भुकेने व्याकूळ होऊन परततो. बाप त्यास दुरून पाहतो व धावत जाऊन गळ्यात पडतो. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हा दाखला येथे संपत नाही. वडील भाऊ शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो, रागावतो व आत जाण्यास नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याचीही समजूत घालतो. तो अखेर आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर ऐकणाऱ्याने द्यावयाचे आहे.

साताऱ्याचे नाव घेताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण येथे अवश्य होते. १९१७ साली ते साताऱ्यास येऊन राहिले व 'देवाचा दरबार' या नावाने त्यांनी एक नवी चळवळ सुरू केली. १९१९ साली त्यांचे देहावसान झाले. अभंग, भजन व कीर्तन ही मराठी मनाची वाट आहे हे ओळखून त्यांनी ती ख्रिस्ती उपासनेस मोकळी करून दिली. रामजोशीला ज्या कीर्तनाने वर काढले, त्याच कीर्तनाच्या तालावर पुढे येशूची गीते गाइली गेली.

५. दूरदेशीचा असाच एक गायक

याच विषयावर १९८३ साली अमेरिकेत 'टेंडर मर्सीज' नावाचा एक शांत चित्रपट निघाला. या नावाचा अर्थ 'कोमल करुणा'. हे शब्द स्तोत्रसंहितेच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात वारंवार येतात. हॉर्टन फूट यांनी तो लिहिला, ब्रूस बेरेसफोर्ड यांनी दिग्दर्शित केला, आणि नायकाच्या भूमिकेबद्दल रॉबर्ट डुवॉल यांना व लेखनाबद्दल फूट यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

कथा टेक्सास प्रांतातील. मॅक स्लेज हा एके काळचा नामांकित ग्रामीण गायक दारूपायी सर्वस्व गमावून हमरस्त्यावरच्या एका लहानशा उतारूगृहात पडलेला असतो. ते चालविणारी रोझा ली ही तरुण विधवा. तिचा पती व्हिएतनामच्या युद्धात मेला आहे, व सनी नावाचा लहान मुलगा तिच्याजवळ आहे. मॅककडे भाडे देण्यास पैसे नाहीत, म्हणून तो तेथेच काम करून ते फेडू लागतो. रोझा ली त्याला प्रवचन देत नाही. ती काम देते, जेवण देते आणि प्रार्थना करिते. पुढे दोघांचा विवाह होतो, व मॅक आणि सनी दोघेही बाप्तिस्मा घेतात.

एका रात्री निराशेच्या भरात मॅक गाडी घेऊन निघून जातो व दारूची बाटली विकत घेतो. रोझा ली घरी वाट पाहत असते. तो परततो व सांगतो की बाटली घेतली, पण ओतून टाकिली. चित्रपटातील सर्वांत मोठा विजय तो हाच, आणि तो विजय पाहण्यास एका बाईवाचून कोणी नाही. पुढे त्याची पहिल्या विवाहातील मुलगी अपघातात मरण पावते. आपण का वाचलो व ती का गेली, या प्रश्नाला त्याला उत्तर मिळत नाही. दुसरी संधी म्हणजे दुःखापासून सुटका नव्हे, हे या चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखविले आहे. पण शेवटी तो सनीबरोबर चेंडू खेळताना दिसतो. संसार चालू राहतो.

६. ज्यांना मोरोपंत भेटले नाहीत

सर्वच शाहिरांना मोरोपंत भेटत नाहीत. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना पठ्ठे बापूराव या नावाने ओळखतो. कुळकर्ण्याचे घर सोडून ते तमाशात गेले. पवळाबाई व ते यांच्या फडाने मोठी कीर्ती मिळविली. स्वजातीयांनी मात्र त्यांना दूर केले. १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला तो १९५० साली. पाच वर्षांपूर्वी यांतील थोडा आदर त्यांच्या दारी गेला असता, तर तो त्यांना दिसला असता.

स्त्रियांच्या वाट्याला तर ही संधी त्याहून कमी येते. रामजोशीला कीर्तनाची गादी मिळाली. बयेसाठी त्या समाजाने तशी गादी घातली नव्हती. बयेची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांचेही जीवन कष्टाचे गेले. 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात त्यांनी आपली दुःखे व आपल्या चुका न लपविता सांगितल्या, व त्यावरूनच १९७७ साली 'भूमिका' हा चित्रपट निघाला. ज्या समाजाला शाहिराचा पश्चात्ताप गोड वाटतो, त्याने नर्तकीचाही ऐकून घ्यावयास शिकले पाहिजे.

तात्पर्य

सुधारण्याचा निश्चय ज्याचा त्यानेच करावा लागतो. मोरोपंत रामजोशीच्या वतीने कीर्तन करू शकत नव्हते, आणि रोझा ली मॅकच्या वतीने बाटली ओतू शकत नव्हती. परंतु निश्चय केलेल्या मनुष्याला उभे राहण्यास जागा लागते, व ती जागा इतरांनी द्यावयाची असते. त्याच्यातील गुण नावाने ओळखणे, त्याला काम देणे, रात्री उशिरा आला तरी दार लावून न घेणे, इतके प्रत्येक घरास शक्य आहे. परीक्षेचे निकाल लागतील त्या दिवशी, पालकहो, आपल्या घरी कोणी खाली मान घालून आला, तर प्रथम त्याच्या हातातील गुण पाहावा. कागदावरील गुण मागाहून पाहता येतील.

विचारासाठी प्रश्न

१. मुद्गल जोशी व मोरोपंत या दोघांनाही रामजोशीचे हित हवे होते. मग एकाच्या बोलण्याचा परिणाम का झाला व दुसऱ्याच्या का झाला नाही?
२. फडावर शिकलेली कोणती कौशल्ये रामजोशीला कीर्तनात उपयोगी पडली?
३. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील वडील भाऊ पुढे काय करील? आपण त्याच्या जागी असता तर काय केले असते?
४. आपल्या गावातील एखादी जुनी लावणी, भजन अथवा ओवी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून घ्या, व ती त्यांना कोणी शिकविली ते विचारा.