आजीचा स्लॅब, आपला सिलॅबस

कॉंक्रीट टेक्नॉलॉजी हा विषय बहुतेकांना परीक्षेच्या आदल्या रात्रीच भेटतो. मला तो यंदा मार्चपासून दर रविवारी अंबरनाथला भेटला, पप्पांच्या आईच्या घरी. आजी ७६ वर्षांची, एकटी राहते. बिल्डिंग १९९१ ची, चार मजली, लिफ्ट नाही, आणि आजी सगळ्यात वर, म्हणजे थेट गच्चीखाली. तिच्या पलंगाच्या वरचे पोपडे निघत होते आणि एका जागी सळई दिसायला लागली होती. पप्पा म्हणत, "आई, आमच्याकडे चल." ती म्हणे, "अरे, घराला असं झालंय तरी काय, की मी ते सोडावं?" तर त्या 'झालंय तरी काय'चं उत्तर म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे शुद्धलेखन संपादकांच्या हवाली!)

चांगलं कॉंक्रीट अल्कलाइन असतं, पीएच साधारण १२ ते १३. अशा वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक बारीक पापुद्रा बसतो आणि तोच सळईला गंजापासून वाचवतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू कॉंक्रीटमध्ये शिरतो, चुन्याशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, पीएच ९ च्या आसपास येतो आणि पापुद्रा जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरा शत्रू क्लोराइड. खाडीची रेती न धुता वापरली की तो पहिल्या दिवसापासून घरातच राहायला येतो. मग गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो आतून ढकलतो आणि खालचं कॉंक्रीट खपली धरून सुटतं. म्हणजे पोपडा पडला तो रोगाचा शेवटचा अंक, सुरुवात नव्हे.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. काळा बेसाल्ट, आत लोखंडच नाही, त्यामुळे गंजणार काय? कोकणातले साडेनऊशेहून जास्त पावसाळे ते झेलून उभं आहे. आणि दोन स्टेशनांच्या पट्ट्यात आपल्या आरसीसी बिल्डिंगा तिशीत म्हाताऱ्या. हे हसण्यावारी न्यायचं नाही. उल्हासनगरमध्ये १५ मे आणि २८ मे २०२१ ला, दोन आठवड्यांच्या आत, दोन इमारतींचे वरचे स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळत गेले. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या. दुसऱ्या घटनेत सात माणसं गेली. आजीच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा चार दिवस दुसरा विषय नव्हता. पाचव्या दिवशी पुन्हा पाण्याचं टायमिंग.

तपासणी घरच्या घरी किती होते? बरीच. लहान हातोडीने छतावर हलके टोले मारत जायचं. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी. बद्द भाग आम्ही खडूने आखला तर तो दिसणाऱ्या डागाच्या तिप्पट निघाला! मग लॅबमधून सरांच्या परवानगीने फिनॉल्फ्थॅलिन नेलं. ताज्या फोडलेल्या कॉंक्रीटवर ते टाकलं की अल्कलाइन भाग गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला तसाच राहतो. आजीला हा प्रयोग फार आवडला. "गुलाबी झालं तर पास का गं?" पास झालंच नाही, सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही. कव्हर मोजलं, जेमतेम १० मिलिमीटर. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला किमान १५ होतं, २००० च्या आवृत्तीत २० झालं. सळई ८ ची, घासून मोजली तर गंजलेल्या जागी साडेसहा. वाटतं दीडच मिलिमीटर गेला, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं. ५० चौरस मिलिमीटरचे ३३ उरले. एक तृतीयांश ताकद गेली, आणि तिच्याखाली आजी झोपते. हे गणित पप्पांना दाखवलं आणि त्याच संध्याकाळी पलंग दुसऱ्या खोलीत गेला. आजी कुरकुरली, पण देवघर हललं नाही म्हणून तयार झाली.

आता दुरुस्ती. पहिला कॉंट्रॅक्टर आला तो म्हणाला, "दोन दिवसांत गिलावा मारून देतो, वरून पेंट." सगळ्यात स्वस्त हेच, आणि सगळ्यात घातक. गंज झाकला जातो, थांबत नाही. वर नव्या गिलाव्याचं वजन त्याच कमजोर स्लॅबला. खरा क्रम गच्चीपासून सुरू होतो. आधी पाणी बंद, मग खालचं काम. गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा. हे उपविधीत आहे, तरी मीटिंगला "तुमच्याच घरात गळतंय ना?" ऐकावं लागलंच. त्याच उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. पप्पांनी ते पान वाचून दाखवलं तेव्हा ऑडिटचा ठराव झाला. कारण नुसता आजीचा स्लॅब बरा करून काय, बाकीच्यांचं वयही तेच.

ऑडिटच्या इंजिनिअरांनी दिलेला क्रम असा. जॅक लावून स्लॅबला आधार. बद्द भाग सगळा काढायचा, सळईच्या मागेसुद्धा बोट जाईल इतका. वायर ब्रशने लखलखीत लोखंड, त्यावर गंजरोधक कोट. जिथे सळई बारीक झाली तिथे जोडसळई. मग बाँडिंग कोट आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर, एकदम नाही, थरांनी. पंख्याचा हूक जुन्या सळईला अडकवलेला होता, तो बदलायला लावला. गवंडीकाकांकडून मला ओळंबा, थापी, परांची हे शब्द मिळाले. आमच्या टेक्स्टबुकात ही वस्तू आहे, शब्द नाही.

धूळ घरभर. आजी शेजारच्या काकूंकडे दिवसभर बसायची आणि दर तासाला येऊन "चहा घेणार का रे?" विचारायची, म्हणजे खरं तर काम बघून जायची. बाथरूमचा उंबरठा आम्ही याच फेऱ्यात उतरवला आणि भिंतीत पकडायला दांडा बसवला. दांड्याला तिचा सक्त विरोध होता. "मी काय म्हातारी झाले?" आता टॉवेल त्यावरच वाळतो.

छताचं क्युरिंग हा अवघड प्रकार, पाणी वर टिकत नाही. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा स्प्रे आजीने लांब काठीला बांधून घेतला आणि सात दिवस, दिवसातून सहा वेळा, वहीत वेळा लिहून पाणी मारलं. वही अजून तिच्याकडे आहे. खालच्या मजल्यावरचे काका परवा ती मागायला आले होते, त्यांच्याकडे काम पुढच्या महिन्यात निघतंय.