उत्तर शून्य आले तर? : एसक्यूएल क्वेरी लिहिताना आणि तपासताना

आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत लिपिक म्हणून लागलो तेव्हा संगणकाला प्रश्न विचारण्याची भाषा आपल्याला जमेल, असे वाटले नव्हते. शिकू लागल्यावर ध्यानात आले, की येथे गणितापेक्षा नेमकेपणाला अधिक महत्त्व आहे.

१९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सादर केली. तिचे मूळ नाव सीक्वेल. पुढे ते एसक्यूएल झाले.

क्वेरी लिहिताना सिलेक्ट आधी येते. अर्थ मात्र फ्रॉमपासून लावावा. कोणत्या तक्त्यातून (फ्रॉम), कोणत्या ओळी (व्हेअर), कसे गट (ग्रुप बाय), कोणते गट ठेवायचे (हॅविंग), कोणते रकाने (सिलेक्ट) आणि शेवटी कोणत्या क्रमाने (ऑर्डर बाय). हा क्रम पाठ असला, की निम्म्या चुका आपोआप सापडतात.

आता आमचीच एक चूक सांगतो. शिष्यवृत्ती जमा न झालेल्या विद्यार्थ्यांची यादी काढावयाची होती. 'विद्यार्थी' आणि 'जमा' असे दोन तक्ते होते. आम्ही लिहिले:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर खाते नॉट इन (सिलेक्ट खाते फ्रॉम जमा);

उत्तर आले, शून्य ओळी. चूक दाखविणारा कोणताही संदेश नाही. सर्वांना पैसे मिळाले, असे समजून आम्ही कागद पुढे पाठविला. चार दिवसांनी एक माउली मुलाचे पासबुक घेऊन काउंटरवर आली. त्यात जमेची नोंदच नव्हती.

कारण असे निघाले, की 'जमा' तक्त्यातील एका ओळीत खाते क्रमांक रिकामा होता. अशा रिकाम्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. समजा, मुलाचे खाते १०५ आहे. ते १०१ पेक्षा वेगळे आहे का? होय. १०२ पेक्षा? होय. माहीत नसलेल्या क्रमांकापेक्षा? सांगता येत नाही. मग संपूर्ण अटीचे उत्तरही 'सांगता येत नाही' असेच होते, आणि व्हेअर फक्त 'होय' असणाऱ्या ओळींनाच आत घेते. एका रिकाम्या जागेने सर्वच बाकी मुलांची नावे गाळली! दुरुस्त क्वेरी अशी:

सिलेक्ट वि.नाव फ्रॉम विद्यार्थी वि व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम जमा ज व्हेअर ज.खाते = वि.खाते);

यावरून आम्ही स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत.

१) कंसातील क्वेरी आधी स्वतंत्र चालवून पाहावी.

२) रिकामी जागा शोधताना '= नल' लिहू नये, 'इज नल' लिहावे.

३) बेरीज जुळवावी. समजा, विद्यार्थी ४८, जमा झालेले ४० आणि बाकी ०, तर ८ मुले गेली कोठे?

४) तक्ते जोडल्यावर रक्कम फुगली, तर एका ओळीस अनेक ओळी जुळल्या आहेत का, ते पाहावे. नुसते डिस्टिंक्ट लिहून चूक झाकू नये.

५) लेफ्ट जॉइन करून उजव्या तक्त्यावरील अट व्हेअरमध्ये घातली, तर न जुळलेल्या ओळी सहसा गळतात. ती अट ऑनमध्ये लिहावी.

६) अपडेट किंवा डिलीट करण्यापूर्वी तीच अट सिलेक्टला लावून ओळी डोळ्यांनी पाहाव्यात.

७) ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे, असे एक नाव घेऊन यादी पडताळावी.

मित्रांनो, व्याकरण चुकले तर संगणक लगेच सांगतो. प्रश्न चुकला तर तो गप्प राहतो. यादीतून गळलेल्या माणसाला आपण गळलो आहोत हे कळतही नाही. म्हणून शून्य उत्तर आले, की समाधान मानण्यापूर्वी आणखी एकदा विचारा. त्या माउलीला दुसरी फेरी पडली, ती आमच्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे.