कारखान्याचा संघ कोणाचा?

पनवेलच्या मुलाला कारखाना नवा नाही. एका बाजूला तळोजे, दुसऱ्या बाजूला रसायनी. सकाळच्या पाळीला निघालेली माणसे पाहतच आम्ही शाळेत गेलो. कारखाना म्हणजे नोकरी, भोंगा, धूर, एवढीच आमची समजूत. कारखान्याचा फुटबॉल संघही असतो आणि तो कधी कधी देशात पहिला येतो, हे मला बरेच उशिरा कळले. आणि जेव्हा कळले, तेव्हा तो संघ बंद झालेला होता.

तो संघ म्हणजे महिंद्रा युनायटेड. मुंबईच्या महिंद्रा आणि महिंद्रा या जीपगाड्या नि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने १९६२ साली तो उभा केला. त्या काळच्या मुंबईत ही गोष्ट नवलाची नव्हती. गिरण्या, तेल कंपन्या, रेल्वे, बँका, सगळ्यांचे संघ मैदानात उतरत. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा मुंबईचे भूषण होती आणि १९५८ साली तो चषक कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने जिंकला होता. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, मग कचेरी, असा दिवस जाई. खेळून पोट भरत नसे; पण खेळामुळे नोकरी लागे आणि नोकरीवर घर चाले. गरिबाच्या पोराला चेंडूमागे धावण्याची परवानगी घरातून मिळायची ती याच आशेवर.

महिंद्राच्या संघाने १९९८ आणि २००१ साली ड्युरँड चषक जिंकला. २००० साली त्याचे नाव महिंद्रा युनायटेड झाले. २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक त्याच्याकडे आला आणि २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघ राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. २००६ आणि २००८ साली कोलकात्याची आय.एफ.ए. शील्ड, २००८ साली पुन्हा ड्युरँड. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा खेळाडू या संघातून देशभर पोचला. २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील हेही याच संघाचे जुने खेळाडू.

आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. दिवाळे निघाले म्हणून नव्हे. कंपनीची भरभराटच होती. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे ठरले, असे कारण देण्यात आले. कारण वाईट नव्हते. पण ४८ वर्षांचा संघ एका हंगामाअखेर संपला. पुढच्याच वर्षी, २०११ साली, पंजाबातील फगवाड्याच्या जे.सी.टी. गिरणीनेही आपला संघ मोडला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग याच गिरणीच्या संघाने जिंकली होती! २००७ साली निघालेली मुंबई एफ.सी. ही २०१७ साली बंद झाली.

हे वाचताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा एक दूरचे नाव येत होते. युक्रेनमधील दोनेत्स्क हे कोळशाचे नि पोलादाचे शहर. १८६९ साली वेल्सहून आलेल्या जॉन ह्यूज याने तेथे लोखंडाचा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. १९३५ साली स्ताखानोव नावाच्या एका खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, असा सोव्हिएत सरकारने मोठा गाजावाजा केला. १९३६ साली तेथील खाणकामगारांचा फुटबॉल संघ निघाला तो ‘स्ताखानोवेत्स’ या नावाने. १९४६ साली त्याचे नाव झाले ‘शाख्तार’. शाख्तार म्हणजे खाणकामगार. नाव ना कंपनीचे, ना मालकाचे, नाव कष्टाचे.

या संघाने सोव्हिएत चषक चार वेळा जिंकला. सोव्हिएत संघराज्य मोडल्यावर १९९६ साली रिनात अख्मेतोव्ह हा धनाढ्य उद्योगपती अध्यक्ष झाला. २००९ साली शाख्तारने युएफा चषक जिंकला आणि त्याच वर्षी दोनेत्स्कमध्ये ५० हजारांवर प्रेक्षक बसतील असे नवे मैदान उघडले. पाच वर्षांत युद्ध आले. २०१४ साली संघाला शहर सोडावे लागले. ल्विव्ह, खार्किव्ह, कीव्ह असा त्याचा मुक्काम हलत राहिला. २०२२ नंतर तर युरोपीय स्पर्धेतले ‘घरचे’ सामनेही परदेशात खेळावे लागले. २०२३ साली जर्मनीतील हॅम्बर्गला घर मानून त्यांनी बार्सिलोनाला १-० असे हरवले. शहर सुटल्यानंतर २०२४ पर्यंत सहा वेळा हा संघ आपल्या देशाचा विजेता झाला.

आता ही तुलना सरळ नाही, हे मला मान्य आहे. शाख्तार टिकला त्यात अख्मेतोव्हच्या पैशाचा वाटा मोठा आहे. त्याच शहरातला मेतालुर्ग हा दुसरा संघ २०१५ साली बंद पडला. पोलादाचे नाव त्याला वाचवू शकले नाही. तेव्हा ‘लोकांचे प्रेम असले की संघ टिकतो’ असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पैसा लागतोच. परंतु ज्या संघाने मैदान गमावले, शहर गमावले, त्याच्यावर पैसा का घालावा असे मालकाला वाटले? मला वाटते, तो बंद करणे म्हणजे फक्त खात्यातली एक रक्कम कमी करणे नव्हते. आजोबापासून नातवापर्यंत तीन पिढ्यांनी जे नाव आपले मानले, ते पुसणे होते. मालकालाही ते जड गेले असते.

महिंद्राचा संघ बंद झाला तेव्हा तसे कोणाला जड गेले? खेळाडूंना गेले, काही जुन्या प्रेक्षकांना गेले. पण त्या संघात मुंबईचा, कांदिवलीचा किंवा त्या कारखान्यातल्या कामगाराचा हिस्सा काय होता? सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, नावात गाव नव्हते. कंपनीने संघ दिला, चांगला दिला, आणि तिने तो परत घेतला. देणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? घेणाऱ्यांनी तो कधी आपला केलाच नाही. याउलट कोलकात्यात १८८९ सालचा मोहन बागान आहे, १९२० सालचा ईस्ट बंगाल आहे. त्यांच्या पैशाची ओढाताण किती वेळा झाली असेल. पण तेथे सभासद आहेत, भांडणारे आहेत, सभेत उठून जाब विचारणारे आहेत.

आणि हे आपल्याला न कळण्यासारखे थोडेच आहे? गावात सार्वजनिक वाचनालय कसे चालते? गणेशोत्सव कसा चालतो? एखादा शेठ मोठी देणगी देतो, त्याचे नाव फलकावर लागते. पण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरे असतात म्हणून तो उत्सव शेठचा होत नाही, आळीचा राहतो. शेठ दुसरीकडे राहायला गेला तरी मूर्ती बसतेच.

आज आपल्या परिसरात फुटबॉलची हवा आहे. नेरुळच्या मैदानावर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच झाला आणि स्पेनने कोलंबियाला हरवले. रायगड जिल्हा कबड्डीचा खरा, पण आता मोकळी जागा दिसली की पोरे तेथे चेंडू मारताना दिसतात. उद्या एखादा कारखानदार पनवेलच्या पोरांना बूट नि गणवेश देऊ म्हणेल. ते आनंदाने घ्यावेत. मात्र त्याआधी दोन कामे करावीत : संघाला गावाचे नाव द्यावे आणि सभासदांचे एक पावतीपुस्तक छापून घ्यावे. वर्गणी दहा रुपये असली तरी चालेल. बूट दोन हंगामांत फाटतात. पावती ज्याच्या घरात असते, तो संघ बंद करायच्या सभेला येऊन बसतो.