स्वीकार माझा, फाईल साहेबांची

डोळे मिटून श्वासाकडे पाहण्याला माझा विरोध नाही. हे आधीच सांगते, कारण ‘हिला थेरपीच मान्य नाही’ असं माझ्याबद्दल शाखेत पसरवलं गेलंय. मी सानगडीची सून, साकोलीच्या एका बँकेत कर्जाचं काम पाहते. बँकेचं नाव लिहीत नाही. नोकरी अजून तिथंच आहे.

मार्चएंडला आमच्याकडे काय असतं ते बँकवाल्यांना सांगायला नको. धान केंद्रावर घातलं तरी चुकारे खात्यात यायला किती वाट पाहावी लागते, हे भंडाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वरच्या ऑफिसला तेवढं ठाऊक नाही. थकीत खात्यांची यादी रोज व्हॉट्सअॅपवर, नावापुढे लाल खूण. दोघांनी बदली मागितली, एकाला बीपीच्या गोळ्या लागल्या. तेव्हा यादी आखडायची सोडून साहेबांनी शिबिर ठेवलं. पत्रकावर छापलं होतं, ‘नोकरदारांसाठी स्वीकार व सजगता थेरपी’. सासरे पत्रक वाचून म्हणाले, “काहून बाई, डोये मिटाले बी आता हापिसातच शिकवते का?”

प्रशिक्षक गोड बोलणारे. अर्ध्या दिवसाचं शिबिर, मग प्रत्येकाशी फोनवर एकेकट्याचं सत्र. “इथं बोललेलं इथंच राहतं,” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की कुणीही मोकळं झालं असतं. मी सांगितलं, वसुलीला ओळखीच्या दारात गेले की छातीत धडधडतं. तीच बाई हळदीकुंकवाला भेटते, तीच हात जोडून उभी असते. रात्री डोळा लागत नाही.

पुढच्या आढावा बैठकीत सगळ्यांसमोर वरचे साहेब म्हणाले, “मॅडम, ओळखीच्या दारात तुम्हाला धडधडतं म्हणे. मग अनोळखी तालुका देऊ का?” दोघं-तिघं हसले. माझ्या कानात मात्र तो एकच शब्द राहिला. धडधडतं. हा शब्द मी नवऱ्याजवळसुद्धा काढला नव्हता. जगात एकाच माणसाला तो माहीत होता, आणि त्याचं बिल बँक भरत होती.

बाहेर येऊन त्यांना फोन लावला. मी जाब विचारतेय, आणि हे गृहस्थ म्हणतात, “मॅडम, हा राग आत्ता शरीरात कुठे जाणवतोय? त्याला ढकलू नका, नुसतं पाहा.” पुन्हा विचारलं तेव्हा आवाज बदलला. “मी थेरपिस्ट नाही, कोच आहे. बँकेला अहवाल द्यावाच लागतो.” पत्रकावर थेरपी आणि जबाबदारीच्या वेळी कोच! हे शिबिराच्या सकाळी का नाही सांगितलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

नंतर नागपूरला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे मी स्वतःच्या पैशानं गेले, आणि आपल्याला काय विकलं गेलं ते कळलं. पत्रकावरचा ‘स्वीकार’ जिथला, त्या मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी सहकाऱ्यांबरोबर घडवलेल्या उपचारपद्धतीत स्वीकार असतो तो मनात उठणाऱ्या भीतीचा, दुःखाचा. ‘मी नालायक आहे’ याऐवजी ‘मी नालायक आहे असा विचार मला येतोय’ असं म्हणायला शिकवतात, म्हणजे विचाराची पकड सुटते. पण पद्धत तिथं संपत नाही. आपल्याला काय मोलाचं वाटतं ते ठरवून त्यासाठी पाऊल उचलणं हा तिचा दुसरा अर्धा भाग. आमच्या शिबिरात तो अर्धा कापलेला होता. टार्गेट स्वीकारा, लाल खूण स्वीकारा, एवढंच उरलं होतं. बाईंनी मला विचारलं, “साहेबांना लेखी काय मागायचं आहे?” हा प्रश्न शिबिरात कुणी विचारला नव्हता.

सजगतेचंही तसंच. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे, घरी रोजचा सराव धरून. त्यावरून पुढे नैराश्य उलटू नये म्हणून उपचार बेतला गेला. त्याचा फायदा मुख्यतः तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत दिसला. समोसा-चहासकट अर्ध्या दिवसात हे उरकत नाही. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या थकव्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलेली गोष्ट म्हटलं. मग औषध फक्त कर्मचाऱ्याच्याच नाकपुड्यांतून का?

तुमच्या ऑफिसात असं शिबिर आलं तर पहिल्या सत्राआधी लेखी विचारा, माझ्या नोंदी कुणाकडे जाणार? अहवालात नाव असणार का? फोन रेकॉर्ड होतो का? ऑफिसनं दिलेल्या मोबाईलवरून बोलू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस रागावत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडून. ‘कोच’ म्हणतो मी उपचार करतच नाही, आणि नेमका त्याच फटीतून निसटतो.

छातीत खरंच दुखत असेल तर श्वास मोजत बसू नका, आधी ईसीजी काढा. जुना मोठा आघात असेल तर डोळे मिटून बसल्यावर काहींना जास्त त्रास होतो. तसं झालं तर डोळे उघडा, उठा, आणि ‘प्रतिकार करताय’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. बाकी झोप घ्या, चालायला जा, हे सगळे सांगतातच. आमच्याकडे सानगडीच्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, तुमच्याकडे दुसरं काही असेल. नागपूर गाठणं जमत नसेल तर टेली-मानस आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून.

मी वरच्या ऑफिसला लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. यंदाही मार्चएंडआधी त्याच गृहस्थांचं शिबिर ठरलंय. आमच्या शाखेतून आपणहून कुणीही नाव दिलेलं नाही.