दुखत नाही म्हणून चट्टा लपवू नका



मागच्या थंडीत वडनेरला घरभेटी करत असताना एका ताईच्या हातावर फिकट चट्टा दिसला. "दुखत नाही, खाजत नाही, दोन वर्षांपासून तसाच आहे," ती म्हणाली. भाकरी भाजताना करंगळीला चटका बसला तरी तिला कळत नव्हतं. तिच्या सासूबाईंनी मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "सिस्टर, हे मागच्या जन्माचं पाप तर नाही ना?"

नाही, हे पाप नाही. हा कुष्ठरोग आहे आणि तो जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 मध्येच हा जंतू शोधला. मग इतकी वर्षं तो अंगात राहतो, तरी ताप नाही, दुखणं नाही, असं का? आपलं शरीर त्याच्याशी लढत का नाही? याचं एक उत्तर आता शास्त्रज्ञांना सापडलं आहे. ते समजलं की पापाची भीती उरत नाही.

पेशीतल्या चिठ्ठ्या

मी वॉर्डात काम करायची तेव्हा डॉक्टर केसपेपरवर ऑर्डर लिहायचे. आम्ही त्यावरून चिठ्ठी करून औषध मागवायचो. आपल्या प्रत्येक पेशीतही असंच चालतं. डीएनए म्हणजे मूळ केसपेपर, तो जागचा हलत नाही. त्यावरून आरएनए नावाची चिठ्ठी तयार होते. ती चिठ्ठी वाचून पेशी हवं ते प्रथिन बनवते.

पण काही आरएनए फार लहान असतात, साधारण 22 अक्षरांचे. ते प्रथिन बनवत नाहीत. ते दुसऱ्या चिठ्ठीला जाऊन चिकटतात आणि ती ऑर्डर थांबवतात. यांना मायक्रोआरएनए म्हणतात. कुठलं काम किती चालवायचं हे त्यांच्यामुळे ठरतं, म्हणून ते नियंत्रण करणारे आरएनए. 1993 मध्ये एका बारीक किड्यात ते पहिल्यांदा सापडले. त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कुन यांना 2024 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

जंतूची चाल

जंतू अंगात शिरला की पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. जंतू ओळखला की पेशी स्वतःमध्ये व्हिटॅमिन डी कामाला लावते आणि त्याच्या जोरावर जंतू मारणारी लहान प्रथिनं बनवते. ही आपली घरची शस्त्रं.

2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी कुष्ठरुग्णांच्या चट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात रोग अंगभर पसरतो, त्यांच्या चट्ट्यांत मायक्रोआरएनए-21 हे खूप वाढलेलं दिसलं. कुष्ठजंतू पेशीत शिरला की तेच वाढतं. ते व्हिटॅमिन डी कामाला लावणारी ऑर्डर थांबवतं, मग शस्त्रं बनतच नाहीत. प्रयोगशाळेत हे मायक्रोआरएनए दाबून टाकलं, तेव्हा पेशी पुन्हा जंतूशी लढू लागल्या.

म्हणजे थांबवणारी चिठ्ठी आपल्याच पेशीची, पण फायदा जंतूचा! त्यात हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. शिवाय तो नसांमध्ये राहतो, त्यामुळे कातडीची जाणीवच जाते. म्हणून बाहेरून सगळं शांत दिसतं, पण आत नस खराब होत असते. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं, कधी वीस वर्षंही जातात.

एक सावधगिरी सांगते. हे वाचून कुणी व्हिटॅमिन डीच्या गोळ्या किंवा ऊन घेऊन कुष्ठरोग बरा करायला जाऊ नका. हा अभ्यास पेशींवरचा आहे. रोग बरा होतो तो एमडीटीनेच.

काय करायचं?

घरातल्या प्रत्येकाचं अंग उजेडात नीट पाहा, पाठ आणि मांड्यासुद्धा. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणं, हातापायाला बधिरपणा, कानाची पाळी जाड होणं, बोटं वाकणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगा किंवा सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषध मोफत आहे.

एमडीटीचा कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. गोळ्यांनी लघवी लाल होते, काहींची कातडी काळपट पडते. घाबरू नका, कोर्स अर्धा सोडू नका. मध्येच चट्टे सुजले, नस दुखू लागली किंवा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उपचार सुरू झाला की लागण पसरणं लवकरच थांबतं, म्हणून ताट-वाटी, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. घरातल्यांनी मात्र तपासणी करून घ्यावी, त्यांना प्रतिबंधाचा डोस मिळतो.

आपल्या जिल्ह्याने दाखवलेली वाट

आपल्या वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. बाबा आमटे 1914 मध्ये आपल्या हिंगणघाटलाच जन्मले. कायदाही बदलला आहे. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा 1898 चा जुना कायदा 2016 मध्ये रद्द झाला. 2019 पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही. त्यामुळे चट्ट्यावरून कुठल्या सुनेला कुणी माहेरी पाठवत असेल, तर त्याला हे सांगा.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात महारोगी सुप्रबुद्धाची गोष्ट घेतली आहे. भगवंतांनी त्याला दूर लोटलं नाही. आपणही कुणाला लोटू नये.

त्या ताईचा कोर्स आता पूर्ण झाला आहे. चट्टा पुसट झाला. पण करंगळीची जाणीव पूर्ण परत आली नाही, कारण दोन वर्षं उशीर झाला होता. ती आता चुलीजवळ फडकं घेऊनच बसते, आणि वस्तीतल्या बायांना स्वतःच सांगते, "दुखत नाही म्हणून थांबू नका गं."