बावखल बुजवू नका



आपल्या वसईत वाडीवाडीत बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे. त्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोडे राही. केळी, पानवेली, भाजीपाला यांचे शिंपणे त्यावरच होई. आपले आजी-आजोबा उन्हाळ्यात तळाचा गाळ उपसून वाडीत घालीत. बावखल खोल होई आणि खताचा पैसाही वाचे.

पुढे नळ आले. मग आपणच (होय, आमच्याही घरच्यांनी) त्यात प्लॅस्टिक नि डेब्रिज टाकले, कित्येकांनी ते बुजवून बांधकाम केले. जुलै २०१८ मध्ये घराघरांत पाणी शिरले, तेव्हा त्याला मुरायला जागा कुठे होती? ज्यांचे बावखल अजून शिल्लक आहे, त्यांनी येत्या मेमध्ये निदान त्यातला कचरा काढावा.