ती बैठकीला का आली नाही? – घरातली हिंसा आणि आपला गट



मागच्या वर्षी आमच्याच गटात घडलेलं सांगते. एक ताई सलग दोन बैठकांना आली नाही. बचत मात्र पोरीच्या हाती पाठवली. आम्ही नियमाप्रमाणे रजिस्टरला लिहिलं, ‘गैरहजर, दंड दहा रुपये’, आणि पुढचा विषय घेतला. तिसऱ्या बैठकीला ती आली ती पदर पार गालावर ओढून. दंडाचे वीस रुपये मुकाट्याने दिले. चहा घेताना पदर सरकला आणि काळानिळा डाग दिसला. एकीने विचारलं तर म्हणाली, “मोरीत पाय घसरला.” खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं. पण सगळ्या गप्प. नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडायचं?

आपण दशसूत्री पाळतो, हप्ता एक दिवस चुकला तर घरी जाऊन विचारतो. बाई चुकली तर मात्र विचारत नाही. म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी हा धडा. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मधेमधे थांबवून बोलावं.

हे फक्त एका घरातलं नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहाजणींच्या गटात साधारण तिघी. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. आपल्या गटात कोणी बोलत नाही, याचा अर्थ आपल्याकडे सगळं बरं आहे असा होत नाही.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही

घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत.

१. शारीरिक – मारणं, ढकलणं, चटके देणं, उपाशी ठेवणं.
२. लैंगिक – मनाविरुद्ध जबरदस्ती, लाज वाटेल असं वागायला लावणं.
३. तोंडी आणि मानसिक – शिवीगाळ, संशय, मूल होत नाही किंवा मुलीच होतात म्हणून टोमणे, माहेरच्यांना भेटू न देणं, जिवे मारण्याची धमकी.
४. आर्थिक – घरखर्चाला पैसे न देणं, मजुरी काढून घेणं, स्त्रीधन विकणं, घराबाहेर काढणं.

चौथ्या प्रकारापाशी जरा थांबा. गटातून कर्ज ताईच्या नावावर निघतं. पैसे कोणाच्या हातात जातात? हप्त्यासाठी ती मजुरीला जाते आणि रक्कम दुसऱ्याच कोणी धाकाने नेली असेल, तर तीही आर्थिक हिंसाच. कर्जमागणीच्या वेळी “हे पैसे तू कशाला वापरणार?” हे तिला एकटीला, प्रेमाने विचारा.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी बाई, अशी कोणीही दाद मागू शकते. म्हातारी आई मुलाविरुद्धसुद्धा.

ती बोलली तर आपण काय करायचं?

आधी ऐकायचं. “तूच काहीतरी बोलली असशील,” “जरा सहन कर, लेकरांकडे बघ,” ही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. एवढंच म्हणा, “तुझी चूक नाही. आम्ही आहोत. तुला काय करावंसं वाटतं?”

तिला न विचारता पंधरा बायकांनी तिच्या दारात जाऊन नवऱ्याला जाब विचारू नका. आपण निघून येतो, रात्र तिला काढायची असते. त्याचा राग तिच्यावरच निघतो. जायचं की नाही, कधी, कोणी, हे तिने ठरवायचं. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र वाट बघायची नाही, लगेच ११२ ला फोन करायचा.

तिचं नाव आणि हकिकत इतिवृत्तात लिहू नका. रजिस्टर अनेकांच्या हातात जातं. विश्वासातल्या दोघीतिघींनाच माहीत असू द्या.

तिच्याबरोबर तयारी करून ठेवा. आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून भरवशाच्या घरी ठेवायचे. शेजारणीला खूण सांगून ठेवायची. अमुक हाक आली की तिने दार वाजवायचं. दोन नंबर तोंडपाठ हवेत.

लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात सोबत जा. तिथे “पडले” सांगू नये, कोणी मारलं ते सांगावं. नोंद होते. केसपेपर जपून ठेवावा, पुढे तोच पुरावा.

कायद्याची वाट

पुष्कळ बायका म्हणतात, “केस केली तर नवरा आत जाईल, मग लेकरांना कोण बघेल?” म्हणून हे नीट समजून घ्या. या कायद्याखाली अर्ज केला की नवऱ्याला लगेच अटक होत नाही. मॅजिस्ट्रेट कोर्ट आदेश देतं – हात उचलायचा नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला इतके पैसे द्यायचे, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यांपासून करायची. ते कुठे बसतात हे अंगणवाडी पर्यवेक्षिकेला विचारा. ते घरगुती घटनेचा अहवाल तयार करून कोर्टात पाठवतात. हिंसा होत असल्याची खबर त्यांना कोणीही देऊ शकतं – शेजारीण, सीआरपी ताई, गटाची अध्यक्ष. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कायद्याने कसलीही जबाबदारी येत नाही.

अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून सोबत लागते. ती माहेरी आली असेल तर माहेरच्या तालुक्यातही अर्ज चालतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पोलिसांची फौजदारी तक्रार वेगळी. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठी पूर्वी ४९८-अ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ठाण्यात नुसती एनसी झाली की एफआयआर, हे विचारून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

गावात मिटवताना

मिटवू नये असं मी म्हणत नाही. पण मिटवायचं ते तिच्या इच्छेने, गावाची अब्रू झाकायला नाही. बैठकीत गटातल्या दोघी तिच्या शेजारी बसलेल्या असाव्यात. “पुन्हा मारणार नाही” असं स्टँपवर लिहून दिलं म्हणजे तो कोर्टाचा आदेश होत नाही. जिवावर बेतेल अशी मारहाण असेल, तर तडजोडीची बैठक नकोच.

गटाने करायचे चार ठराव

१. सलग दोन बैठका चुकल्या तर आधी घरी भेट, दंडाचं नंतर.
२. अडचणीतल्या ताईला हप्त्यात सवलत, आणि तातडीच्या खर्चासाठी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदतीची शिफारस.
३. संरक्षण अधिकारी, दवाखाना, कोर्ट – कुठेही तिच्याबरोबर एकीने जायचं. पाळी लावून घ्यायची.
४. हे नंबर बैठकीच्या जागी लावायचे: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत कायदेमदत १५१००, मुलांसाठी १०९८.

बोलण्यासाठी प्रश्न

• आपल्या गटात मागच्या सहा महिन्यांत कोण वारंवार गैरहजर राहिलं? कारण विचारलं का?
• आपण सासू झाल्यावर सुनेशी कसं वागतो? घरातल्या मुलग्याला काय शिकवतो?
• आज रात्री एखादीला घर सोडावं लागलं, तर गावात ती कोणाकडे जाईल?

शेवटच्या प्रश्नाला नाव सुचलं नाही तर बैठक तिथेच थांबवा आणि आधी ते नाव ठरवा.

आमच्या त्या ताईचं काय झालं? महिनाभराने विहिरीवर ती एकटी भेटली तेव्हा मी विचारलं, आणि ती रडली. तिला घर सोडायचं नव्हतं, मार थांबायला हवा होता. आम्ही दोघी तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. चार तारखांना चारजणी पाळीपाळीने गेल्या. आदेश झाला. नवरा अजून पितो, पण हात उचलत नाही, कारण घरात काय चाललंय हे विचारणाऱ्या बायका आहेत हे त्याला कळलंय. सगळं सुरळीत झालं असं नाही. पण आता ती पदर सरळ घेऊन बैठकीला येते.

आणि तिचे ते वीस रुपये गटाने तिला परत दिले. दंड खरं तर आमचा होता.